तिसऱ्या रांगेतला वन्स मोअर

वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं आणि त्यात ‘संगीत’ हा शब्द दिसला, की माझ्या पोटात गोळा येतो. हे आता दरवर्षीचंच झालं आहे. दिवाळी उरकते, फराळाचे डबे धुऊन ओट्यावर पालथे पडतात, घोडबंदर रोडवरच्या आमच्या उंच मजल्यावर सकाळी खाडीकडून गार वारा यायला लागतो आणि संगीत नाटकांचा मोसम सुरू होतो. कधी ठाणे, कधी डोंबिवली, कधी कल्याण. बहुतेक रविवार दुपार. शेजारपाजारच्या बायका कपाटातून शाली काढतात, ऊन दाखवतात. मीही काढते, आणि शाल झटकता झटकता माझे पाय गार पडतात. आवडत्या गोष्टीचीच भीती वाटावी, ही मोठी चमत्कारिक अवस्था आहे. पालीची भीती वाटते, लिफ्टची वाटते, असं चारचौघांत सांगता येतं. ऑर्गनचे सूर ऐकले की छाती धडधडते, हे कुणाला सांगणार?

मला गाण्यातलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. यमन कुठला आणि भूप कुठला हे मामाने मला लहानपणापासून शिकवून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. मी संगीत नाटकाला जायचे ती निव्वळ मजेसाठी. धूप दरवळायचा, पडद्यामागून नांदीचे सूर यायचे, राजाची मिशी एका बाजूने सुटायला लागलेली असायची आणि राजा सोडून सगळ्या नाट्यगृहाला ते दिसत असायचं. नायिका हंबरडा फोडायच्या बेतात असायची, तेवढ्यात तबलजीकडे एक नजर टाकून, पदर सावरून निवांत गायला लागायची. प्राण कंठाशी आलेला माणूससुद्धा आधी तान घ्यायचा आणि मग मरायचा. मला हे सगळं मनापासून आवडायचं. मध्यंतरात गर्दीत कोपरं मारून बटाटेवडा मिळवायचा, आपल्याला न आवडलेल्या गायकाला नावं ठेवायची, तिसरी घंटा झाली की तेलकट बोटं रुमालाला पुसत अंधारात खुर्ची शोधायची. इतकं सुख बाकी कुठल्या करमणुकीत मला मिळालेलं नाही.

या सगळ्याचं खापर मामावर. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. डोंबिवली पूर्वेला राहतो, केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेला. अंगाने किरकोळ, बोलणं इतकं हळू की भाजीवाल्याशी घासाघीस मामीच करते. पण पद रंगलं की याच माणसाच्या पोटातून कुठूनसा एक दणदणीत आवाज निघायचा. ‘वन्स मोअर!’ संगीत नाटकाची ही जुनी रीत. पद मनासारखं झालं की प्रेक्षकांतून वन्स मोअर जातो, आणि गाणारा मागे फिरून तेच पद पुन्हा गातो. राजा युद्धावर निघालेला असो की राणी विष प्यायला, वन्स मोअर आला की सगळ्यांनी थांबायचं. मामा नेहमी तिसऱ्या रांगेत बसायचा, डाव्या कडेला, आणि त्याचा एक नियम होता. खोटा वन्स मोअर द्यायचा नाही. ओळखीचा गायक आहे, बिचाऱ्याने मेहनत घेतली आहे, समोर त्याची बायको बसली आहे, असल्या कारणांवर तो कधी विरघळला नाही. म्हणून त्याच्या आवाजाची किंमत होती. या भागातल्या हौशी मंडळींत त्याला ‘तिसऱ्या रांगेतले काका’ म्हणायचे. पद संपवून गायक हात जोडायचे ते सगळ्यांना, पण एक डोळा डाव्या कडेकडे असायचा. मी हे विंगेत जाऊन गाणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

ज्या मोसमाने मला घाबरायला शिकवलं, त्याची सुरुवात एका साध्या खोकल्याने झाली. खोकला जाईना म्हणून स्कॅन काढला. छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला, हृदयातून निघून वळण घेते तिथे, फुगवटा आला होता. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. ते म्हणाले, “आजोबा, ऑपरेशन लागेल. आज-उद्याची घाई नाही, पण फार लांबवायचंही नाही. तोवर जड उचलायचं नाही, जोर काढायचा नाही, ओरडायचं नाही.”

“वन्स मोअर चालेल?” मामाने विचारलं.

“काय?”

मामाने त्यांना वन्स मोअर म्हणजे काय ते सांगितलं, इतिहासासकट. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे ओरडणंच ना ते? मग नाही.”

मग मामाने मला खालच्या दुकानातून औषधं आणायला पाठवलं. मी परत आले तोवर दोघांचं काही ठरलं होतं. संगीत नाटकांचा मोसम संपला की ऑपरेशन, ब्लडप्रेशर वाढू द्यायचं नाही या अटीवर. मला राग आला. नाटकांसाठी कुणी ऑपरेशन पुढे ढकलतं का? मामीने तर कपाळावर हात मारला. ती राजापूरकडची, नाटकाला गेली की नांदीलाच झोपते. मला म्हणाली, “माझं ऐकत नाय तो. तू असतेस ना बरोबर, मग तूच बघ गो बाय त्याच्याकडे.” झालं. त्या दिवसापासून मामाची धुगधुगी माझ्या ताब्यात आली.

मोसमातलं पहिलं नाटक ठाण्यात होतं. नायकाचं दुसऱ्या अंकातलं पद चांगलं रंगलं आणि माझ्या कानाशी तो आवाज फुटला. ‘वन्स मोअर!’ वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज, ज्यावर मी हसत टाळ्या पिटायचे, त्याने मला खुर्चीत गार केलं. मी मामाकडे वळले. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगलेली दिसत होती. लोक टाळ्या वाजवत होते, नायक पुन्हा गायला लागला होता आणि मी मात्र ती शीर खाली बसायची वाट बघत होते. परतताना नौपाड्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मला रडूच फुटलं. मागचे हॉर्न वाजवत होते. मी मामाला म्हटलं, “माझी शपथ घे. या सीझनला पुन्हा वन्स मोअर द्यायचा नाही.”

तो काचेबाहेर बघत म्हणाला, “घेतली. आता गाडी काढ, सिग्नल सुटलाय.”

शपथ घेतल्यावर माझी भीती जायला हवी होती. ती नुसती जागा बदलून बसली. मला वाटायला लागलं, ओरडला नाही तरी आत काय होत असेल? रंगलेल्या गाण्याने अंगावर काटा येतो, श्वास अडतो, डोळे भरतात. हे सगळं रक्तवाहिन्यांवरच तर येत असणार. म्हणून गाणं जितकं चढायचं तितकी मी घाबरायचे. तान वर जायला लागली की सगळं नाट्यगृह पुढे सरकायचं आणि मी मात्र मामाच्या नाकपुड्या बघायचे. पूर्वी समेवर येताना मजा वाटायची, आता कधी एकदा येते असं व्हायचं. अंधारात बाहेर जायचा दरवाजा कुठल्या हाताला आहे ते मी पाठ करून ठेवायचे. जवळचं हॉस्पिटल कुठलं, तिथवर रविवारी रस्ता मोकळा असतो की नाही, तेही बघून ठेवलेलं. कल्याणच्या नाट्यगृहाबाहेर मी गाडी फाटकाकडे तोंड करून लावली, म्हणजे वेळ आली तर सरळ बाहेर काढता येईल. तिथला पार्किंगवाला, जवळच्याच कुठल्याशा गावचा म्हातारा आगरी, माझ्याकडे बघून हसला. “काय गो बाय, गारी उलटी कनाला लावतं? पलाचा हाय काय?” त्याच्या थट्टेला मी हसले, पण पळायचंच होतं मला, ते त्याला बरोबर कळलं होतं.

आणि वाईट गाणं? त्याच्याइतकं सुखाचं त्या मोसमात काही नव्हतं. गायक बेसूर झाला की माझा जीव भांड्यात पडायचा. मामाची छाती संथ वरखाली होत असायची, तो जांभई द्यायचा, आणि मी निर्धास्त होऊन राजाच्या मिशीकडे बघायचे. हळूहळू मी तिकिटंच त्या हिशेबाने काढायला लागले. ज्या मंडळाचं कुणी नाव घेत नाही ते मंडळ, ज्या गायकाचा घसा बसलाय अशी कुजबुज आहे त्याचा प्रयोग. एकदा तर मी मामाला शहाडला घेऊन गेले. मंगल कार्यालयाचा हॉल, स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच लटकलेली, पेटीची एक पट्टी दाबली की दुसरीही वाजायची. नायिका स्वरांच्या आजूबाजूने गात होती. शेजारचे आजोबा घोरत होते. मी इतकी आनंदात होते की चुकून टाळ्या वाजवल्या.

मामाने माझ्याकडे वळून विचारलं, “हे तू कुठून शोधून काढतेस गं?”

“का? बरं चाललंय की.”

“हो ना,” तो म्हणाला. “माणूस मरायला टेकला तरी वाचेल, असं गातायत.”

त्याला कळलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. मला दिसत होती ती फक्त एक शीर.

मोसमातलं शेवटचं नाटक डोंबिवलीत होतं. तिथे मात्र माझी मात्रा चालली नाही. तिकिटं मामानेच काढून आणली होती, तिसरी रांग, डावी कड. नायिकेचं काम करणारी बाई कल्याणची, शाळेत शिक्षिका, चाळिशी ओलांडलेली. दिसायला साधी, पण तिचं गाणं मामा तिच्या लग्नाआधीपासून ऐकत होता. पहिल्या अंकातल्या पहिल्याच पदाला मला समजलं, की आज काही खैर नाही. ती मामाकडे बघून गात नव्हती, कुणाकडेच बघत नव्हती. पद संपल्यावर मात्र तिची नजर क्षणभर डाव्या कडेला आली, थांबली आणि खाली गेली. मामाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. लहान मुलं बसतात तसे.

मध्यंतरात मी वडे आणले. मामाने घेतला नाही. बाहेर कट्ट्यावर ऊन कलतं झालेलं, लोक चहा पीत उभे, कुणीतरी लांबून ओरडलं, “काय काका, आज आवाज नाही?” मामाने नुसता हात हलवला. मग माझ्याकडे न बघता तो बोलायला लागला.

“तुला औषधं आणायला खाली पाठवलं होतं, आठवतं? तेव्हा डॉक्टरांनी मला एक सांगितलं. ऑपरेशन करतात त्या वळणावरूनच आवाजाची नस जाते. फुगवटा तिला चिकटलाय. म्हणजे मी वाचेन बहुतेक, पण आवाजाची खात्री नाही.”

मी हातातला वडा कागदात गुंडाळून ठेवला.

“म्हणून म्हटलं, एक सीझन द्या,” मामा म्हणाला. “शेवटचं थोडं ओरडून घेतो. तर तू शपथ घातलीस.”

त्याच्याकडे आवाज होता तो एवढाच मोसम, आणि मी त्याला शहाडच्या त्या हॉलमध्ये नेऊन जांभया द्यायला लावल्या होत्या. मी म्हटलं, “मामा, शपथ सुटली. आज दे तू.” आणि म्हणताना मी इतकी घाबरले होते की माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“देईन, गाणं तसं झालं तर,” तो म्हणाला. “खोटा देणार नाही. पण तूही एक कर. पूर्ण सीझनभर तू माझ्याकडे बघत बसलीस. मला मेल्यासारखं वाटायला लागलंय. आता तिसऱ्या अंकात स्टेजकडे बघायचं. काही झालं तरी मान वळवायची नाही.”

मी हो म्हटलं. तिसरी घंटा झाली.

शेवटचं पद सुरू झालं तेव्हा मी मान ताठ करून समोर बघत होते. आमच्या दोन खुर्च्यांच्या मधल्या लाकडी हातावर मामाची बोटं ताल देत होती. लाकडातून ती टकटक माझ्या कोपराला लागत होती आणि तिच्या आधारावर मी बसले होते. बाई गात होती. माझ्यासारख्या अडाणी माणसालाही कळावं असं ते गाणं होतं, जपून चढणारं, कुठेही जोर न करणारं. मोसमात पहिल्यांदाच मी खरोखर नाटक बघत होते. आणि मग केव्हातरी टकटक थांबली.

मी वाट पाहिली. ती पुन्हा लागली नाही. बाई वरच्या स्वराला पोचली, तिथे राहिली, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं आणि माझ्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं, श्वासाचा आवाजसुद्धा नाही. मान वळवायची नाही, असं मी कबूल केलं होतं. खरं सांगायचं तर कबूल केलं नसतं तरी माझी मान वळली नसती. नाटकातली माणसं तान घेऊन मरतात. खऱ्या माणसांना तेवढी सवड कुठली मिळायला? पद संपलं. टाळ्या सुरू झाल्या. बाईची नजर डाव्या कडेला आली. मामाचा आवाज आला नाही. असलं गाणं होऊन आला नाही, म्हणजे तो का आला नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्या भीतीने माझं तोंड आपोआप उघडलं.

“वन्स मोअर!”

बारीक, फाटका, शाळेतल्या मुलीसारखा आवाज. आयुष्यात मी कधी दिला नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. स्टेजवर बाई थबकली, अंधारात डोळे बारीक करून हा आवाज कुणाचा ते तिने शोधलं, आणि मग ऑर्गनवाल्याकडे वळून मान हलवली. ती पुन्हा गायला लागली. मी समोरच बघत होते, पण मला दिसत काही नव्हतं. दोन ओळी गेल्या. मग खुर्चीच्या हातावर एक बोट टेकलं. थोड्या वेळाने दुसरं. ताल चुकला, सावरला, आणि माझ्या कोपराला टकटक लागायला लागली.

दुसऱ्यांदा पद संपलं तेव्हा मात्र तो आवाज आला. पोटातून, पूर्ण, छत हलवणारा. ‘वन्स मोअर!’ मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, भीतीने दात आवळले, पण मान वळवली नाही. बाईने तिसऱ्यांदा गायलं आणि गाताना ती हसत होती.

गाडीत बसल्यावर मी त्याच्यावर ओरडले, “ताल का थांबवलास? मेले ना मी!”

“डोळे पुसत होतो,” मामा म्हणाला. “तुझा वन्स मोअर मात्र घशातून आला हं. पोटातून यायला हवा.”

ऑपरेशन झालं. मामा वाचला, आवाज गेला. आता तो बोलतो ते कुजबुजल्यासारखं, त्यात हवा जास्त आणि शब्द कमी. भाजीची घासाघीस मामी आधीही करायचीच, त्यामुळे घरात फारसं काही अडलेलं नाही, असं तो कोरडं हसून सांगतो. पहिल्या वर्षी नाटकाला यायलाच तयार नव्हता. मी तिकिटं त्याच्यासमोर ठेवली, तिसरी रांग, डावी कड, आणि म्हटलं, “तू ऐक. ओरडायचं काम मी करते. कधी ओरडायचं ते तू सांग.”

तेव्हापासून आमची ही पद्धत आहे. गाणं चालू असताना त्याचा हात माझ्या मनगटाजवळ असतो. पद संपल्यावर त्याने बोट दाबलं तर वन्स मोअर जायचा, नाहीतर नाही. मागच्या रविवारी ठाण्यात एक तरुण गायक मला फार आवडला, मी तोंड उघडलंही होतं, तर मामाने माझं मनगट गच्च धरलं. “अंतऱ्यात सूर उतरला होता त्याचा,” तो नंतर कुजबुजला. खोटा वन्स मोअर आमच्याकडे अजूनही मिळत नाही. आणि गाणारे अजूनही एक डोळा डाव्या कडेला ठेवून असतात.

उद्या डोंबिवलीत त्याच बाईचं नाटक आहे. शाल उन्हात घातली आहे, गाडीत पेट्रोल भरून ठेवलं आहे, पाय सकाळपासून गार आहेत. मामा आता बरा आहे, डॉक्टर तसं म्हणतात, पण माझ्या भीतीला डॉक्टरांचं काही सोयरसुतक नाही. उद्याही पद संपेल, टाळ्या सुरू होतील, बाई तिसऱ्या रांगेकडे बघेल, आणि मामाचं बोट मनगटावर टेकेपर्यंत मधे थोडा वेळ काहीच होणार नाही. तेवढा वेळ मी स्टेजकडे बघत राहीन. मान वळवणार नाही.

मग बोट टेकलं, की पोटातून ओरडेन.